सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे : इंग्रजी व्याकरणातील एका विभागणीचा इतिहास

प्रस्तावना

क्रियापदाला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असा प्रश्न विचारावा; उत्तर मिळाले तर क्रियापद सकर्मक, न मिळाले तर अकर्मक, असा नियम इंग्रजीच्या वर्गात सर्रास सांगितला जातो. नियम सोपा आहे आणि बऱ्याच वाक्यांत तो उपयोगीही पडतो. परंतु त्यातून विद्यार्थ्याचा असा समज होतो की, सकर्मकत्व हा क्रियापदाचा जन्मजात गुण आहे. मग ‘ही ओपन्ड द डोअर’ आणि ‘द डोअर ओपन्ड’ ही दोन वाक्ये समोर आली की तो अडखळतो. ही अडचण विद्यार्थ्याच्या आकलनाची नाही. तिचे मूळ या विभागणीच्या इतिहासात आहे.

लॅटिनचा वारसा

इंग्रजी व्याकरणाची परिभाषा प्रामुख्याने लॅटिन व्याकरणातून आली. चौथ्या शतकातील डोनाटस आणि सहाव्या शतकाच्या प्रारंभी कॉन्स्टँटिनोपल येथे अध्यापन करणारा प्रिस्कियन यांच्या ग्रंथांनी युरोपातील व्याकरणशिक्षणाचा पाया घातला. या परंपरेत क्रियापदांचे वर्ग मुख्यतः त्यांच्या रूपांवरून ठरत. ‘आमो’ म्हणजे ‘मी प्रेम करतो’. त्याला ‘र’ हा प्रत्यय लागून ‘आमोर’, म्हणजे ‘माझ्यावर प्रेम केले जाते’, असे रूप होते. ज्यांना असे कर्मणी रूप होते ती क्रियापदे ‘ॲक्टिव्ह’. ज्यांचे रूप ‘ओ’कारान्त असूनही असा बदल होत नाही ती ‘न्यूटर’, म्हणजे दोहोंपैकी कोणतीही नव्हेत अशी. ‘ट्रान्झिटिव्ह’ हा शब्द ‘ओलांडून जाणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला असून, क्रिया कर्त्याकडून निघून दुसऱ्या वस्तूपर्यंत पोहोचते, ही कल्पना त्यात आहे.

लॅटिनमध्ये या विभागणीला प्रत्ययांचा आधार होता. इंग्रजीत तो नव्हता. विल्यम बुलोकर याने १५८६ साली इंग्रजीचे पहिले मुद्रित व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हाही लॅटिनचाच साचा समोर होता. प्रत्यय नसलेल्या भाषेवर प्रत्ययाधारित वर्ग लादले गेल्याने वर्गाची कसोटी रूपाकडून अर्थाकडे सरकली.

अठराव्या शतकातील व्याकरणे

जोसेफ प्रीस्टली याचे व्याकरण १७६१ साली आणि रॉबर्ट लौथ याचे १७६२ साली प्रसिद्ध झाले. प्रीस्टलीने क्रियापदांचे ‘ट्रान्झिटिव्ह’ व ‘न्यूटर’ असे दोनच प्रकार मानले. लौथने ‘ॲक्टिव्ह’, ‘पॅसिव्ह’ आणि ‘न्यूटर’ ही जुनी त्रयी कायम ठेवली व ‘ॲक्टिव्ह’ला ‘ट्रान्झिटिव्ह’ असेही म्हणतात, असे स्पष्ट केले. १७९५ साली लिंडली मरे याने यॉर्कमधील मुलींच्या एका शाळेसाठी लिहिलेल्या व्याकरणात लौथचीच मांडणी मुख्यत्वे स्वीकारली. या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या आणि इंग्लंड, अमेरिका व वसाहतींमधील शाळांत ही त्रयी रूढ झाली.

अर्थाची ही कसोटी मात्र पुरेशी नव्हती. ‘टेकडी पाहणे’ या क्रियेत पाहणाऱ्याकडून टेकडीपर्यंत काहीच जात नाही; तरीही ‘सी’ हे क्रियापद सकर्मकच मानले जाते. ‘रिझेम्बल’ आणि ‘हॅव’ यांना कर्म लागते, पण त्यात कोणतीही कृती नाही आणि त्यांचे कर्मणी रूपही सहसा होत नाही.

प्रत्यय गेले, क्रियापद मोकळे झाले

या गोंधळाचे कारण इंग्रजीच्या स्वतःच्या जडणघडणीत सापडते. प्राचीन इंग्रजीत अकर्मक क्रियापदापासून प्रयोजक क्रियापद बनविण्याची व्यवस्था होती. ‘सिट’ व ‘सेट’, ‘लाय’ व ‘ले’, ‘फॉल’ व ‘फेल’ या जोड्या तिचे अवशेष होत. मराठीतील ‘पडणे-पाडणे’, ‘मरणे-मारणे’, ‘जळणे-जाळणे’ यांच्याशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते. पुढे ही व्यवस्था निर्जीव झाली. ‘जळणे’ आणि ‘जाळणे’ या अर्थांची प्राचीन इंग्रजीतील दोन स्वतंत्र क्रियापदे ‘बर्न’ या एकाच रूपात विलीन झाली. ‘ब्रेक’, ‘मूव्ह’, ‘ओपन’, ‘मेल्ट’ अशी कितीतरी क्रियापदे एकाच रूपात दोन्ही कामे करू लागली. ‘लाय’ आणि ‘ले’ यांची गल्लत आजही इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांकडून होते, ती याच जुन्या व्यवस्थेच्या विस्मरणातून.

कोशकारांना या वस्तुस्थितीची दखल घ्यावी लागली. सॅम्युअल जॉन्सन याच्या १७५५ सालच्या कोशात एकाच क्रियापदाच्या ‘ॲक्टिव्ह’ व ‘न्यूटर’ अशा दोन स्वतंत्र नोंदी आढळतात. नोआ वेब्स्टर याने १८२८ साली ‘ट्रान्झिटिव्ह’ व ‘इन्ट्रान्झिटिव्ह’ या संज्ञांच्या संक्षेपांनी हीच पद्धत चालविली. म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकात जो वर्ग क्रियापदाचा होता, तो कोशात क्रियापदाच्या वापराचा झाला होता.

विसाव्या शतकातील वळण

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन याने १९०९ ते १९४९ या काळात प्रसिद्ध झालेल्या सात खंडांच्या इंग्रजी व्याकरणात अशा दुहेरी क्रियापदांचा विस्ताराने विचार केला. ए. एस. हॉर्नबी याने जपानमध्ये अध्यापन करीत असताना सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला. त्यात क्रियापदांच्या वाक्यरचनांचे साचे क्रमांकांनी दर्शविले होते. परकीय विद्यार्थ्याला दोन कप्प्यांपेक्षा या साच्यांची अधिक गरज आहे, हे त्याने ओळखले. १९८५ सालच्या क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टविक यांच्या बृहद्व्याकरणात एक कर्म, दोन कर्मे आणि कर्मासह पूरक अशा रचनांचे वेगवेगळे प्रकार मांडले गेले. पॉल हॉपर व सँड्रा थॉम्प्सन यांनी तर १९८० साली सकर्मकत्व हे ‘आहे किंवा नाही’ असे नसून कमी-अधिक असते, असे दहा निकषांच्या आधारे प्रतिपादन केले.

अनुवादित संज्ञेचा प्रश्न

इंग्रजीच्या वर्गात ‘ट्रान्झिटिव्ह’साठी ‘सकर्मक’ हा शब्द येतो, तेव्हा एक निराळी परंपराही नकळत सोबत येते. पाणिनीच्या व्याकरणात कर्त्याला क्रियेने जे सर्वाधिक प्राप्तव्य असते ते कर्म होय. त्यामुळे संस्कृतात ‘ग्रामं गच्छति’ या रचनेतील ‘ग्राम’ हे कर्म आणि ‘गम्’ हा धातू सकर्मक ठरतो. इंग्रजीतील ‘गो’ मात्र अकर्मक मानले जाते. संज्ञा एक असली तरी संकल्पना दोन आहेत. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त सकर्मक क्रिया अकर्मक होण्याची चार कारणे सांगितली आहेत : धातूचा अर्थ बदलणे, कर्म धातूच्या अर्थातच सामावलेले असणे, कर्म प्रसिद्ध असणे आणि कर्म सांगण्याची इच्छा नसणे. सकर्मकत्व वापरावर अवलंबून असते, हा विचार भारतीय परंपरेत इतका जुना आहे.

मराठीची रचना आणखी एक गुंता निर्माण करते. भूतकाळात ‘त्याने आंबा खाल्ला’ आणि ‘तो धावला’ यांतील भेद मराठी विद्यार्थ्याला स्वाभाविक वाटतो. पण ‘तो पाणी प्यायला’, ‘तो धडा शिकला’ यांत कर्म असूनही कर्त्याला ‘ने’ लागत नाही. उलट ‘त्याने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’ या वाक्यांत मराठीचे क्रियापदही इंग्रजीतील ‘ओपन’प्रमाणेच दोन्ही बाजूंनी वावरते.

निष्कर्ष

रूपावर आधारलेला लॅटिन वर्ग, अर्थावर आधारलेली अठराव्या शतकातील व्याख्या आणि वाक्यरचनेवर आधारलेले आधुनिक विवेचन अशा तीन टप्प्यांतून ही विभागणी गेली आहे. वर्गात आजही प्रामुख्याने दुसऱ्या टप्प्यावरील व्याख्या शिकविली जाते आणि ती तिसऱ्या टप्प्यावरील भाषेला लावली जाते. परिणामी, योग्य शंका विचारणारा विद्यार्थी चुकीचा ठरण्याचा संभव राहतो. क्रियापदांच्या याद्या पाठ करवून घेण्याऐवजी ‘या वाक्यात हे क्रियापद कसे वापरले आहे?’ असा प्रश्न विचारला जावा आणि त्यासाठी ‘उघडणे’, ‘पडणे-पाडणे’ यांसारखी मराठी उदाहरणे हाताशी घ्यावीत. ‘काय?’ हा प्रश्न टाकून देण्याचे कारण नाही. तो क्रियापदाला न विचारता वाक्याला विचारला पाहिजे, एवढेच या इतिहासातून सिद्ध होते.