केल्मस्कॉटचे शेतघर

विल्यम मॉरिसच्या 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या कादंबरीच्या केल्मस्कॉट प्रेस आवृत्तीत (१८९२) आरंभी लाकडी ठशावरून छापलेले एक चित्र आहे. मधून जाणारी वाट, दोहों बाजूंना गुलाबाची झाडे आणि समोर त्रिकोणी माथ्यांचे दगडी घर. वाङ्मयाचे अभ्यासक हे घर 'केल्मस्कॉट मॅनर' या नावाने ओळखतात. मराठीत त्याविषयी बोलताना 'वाडा' किंवा 'गढी' हे शब्द सहज तोंडी येतात. आम्हीही ते वर्गात वापरले आहेत, आणि ते चूक होते.

ऑक्सफर्डशायरमध्ये, थेम्सच्या वरच्या अंगाला असलेले हे घर कोणा सरदाराचे नव्हे. टर्नर नावाच्या शेतकरी कुटुंबाने ते इ.स. १६००च्या आसपास बांधले. 'मॅनर' म्हणजे जहागिरीचे ठिकाण. ते बिरुद या घराला चिकटले एकोणिसाव्या शतकात. भिंती स्थानिक चुनखडीच्या, ओबडधोबड दगडांच्या. छपरावर भाजलेली कौले नाहीत, दगडाच्याच पातळ चिपा आहेत. त्या वळचणीकडे मोठ्या, तर आढ्याकडे लहान लहान होत जातात. जड चिपांचा भार भिंतीजवळ राहावा आणि खाणीतला लहानसहान तुकडाही वाया जाऊ नये, हा त्यामागचा साधा हिशेब. मॉरिसने या घरावर १८९४ साली लेख लिहिला, त्यात त्याला ही रचना माशाच्या खवल्यांसारखी आणि पक्ष्याच्या पिसांसारखी आनंददायी वाटली. आम्हाला मात्र त्या सौंदर्याइतकाच त्यामागचा काटकसरी शेतकरी महत्त्वाचा वाटतो.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हाती पैसा खेळू लागल्यावर, टर्नरांनी घराला एक नवा भाग जोडला. त्याच्या वरच्या खिडक्यांवर अभिजात शैलीतले छोटे त्रिकोणी मुकुट आहेत. शहरातली नवी रीत गावापर्यंत पोचली होती, पण दगड तोच आणि छप्परही तेच. पोटमाळ्यावर पूर्वी शेतावरचे गडी आणि मेंढपाळ झोपत. बाहेर गोठे, पडव्या, कबुतरखाना, एकाच वेळी तिघांना बसता येईल असा शौचकूप, आणि मोठे 'बार्न'. या शब्दाला मराठीत एकच प्रतिशब्द पुरत नाही. धान्य साठवण्याचे ते कोठार, आणि आतच मळणी होत असल्याने खळेही. आपले खळे उघड्या आभाळाखाली असते. इंग्लंडच्या पावसाने ते छपराखाली नेले. ही सारी बांधकामे घराच्याच पद्धतीची आहेत आणि घराशी सुरेख मेळ साधतात, हे मॉरिसने आवर्जून नोंदवले आहे.

मॉरिस १८७१मध्ये रोझेट्टीसह येथे भाडेकरू म्हणून आला. रोझेट्टी १८७४मध्ये निघून गेला. मॉरिसने घर मृत्यूपर्यंत सोडले नाही. पाहुण्यांना तो जवळच्या ग्रेट कॉक्सवेलचे कोठार दाखवायला नेई. सुमारे १३०० सालचे, १५२ फूट लांबीचे हे कोठार सिस्टर्शियन भिक्षूंच्या शेतीसाठी बांधलेले. आतल्या लाकडी खांबांच्या रांगांमुळे ते एखाद्या मोठ्या चर्चसारखे भासते. मॉरिस त्याला कॅथीड्रलच्या तोलाचे मानी.

या संगतीतून १८७७ साली एक भांडण उभे राहिले. जुन्या चर्चना 'मूळ' रूप देण्याच्या नावाखाली वास्तुतज्ज्ञ नंतरची भर काढून टाकत, भिंतींचा गिलावा खरवडत. ट्यूक्सबरी ॲबीवर ही पाळी आल्याचे पाहून मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. 'अँटी-स्क्रेप', म्हणजे खरवडीविरोधी, हे तिचे लाडके नाव.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा वाद पाठचिकित्सेच्या भाषेत चटकन कळावा. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतही (१९१९–१९६६) प्रक्षिप्त भाग बाजूला काढला गेला. पण तो तळटीपांत आणि परिशिष्टांत शाबूत आहे. सुकथनकरांशी ज्याला वाद घालायचा असेल त्याच्यासाठी सामग्री तेथेच ठेवली आहे. खरवडलेल्या भिंतीला तळटीप नसते. मॉरिसचा संताप तेवढ्यासाठी होता, आणि तो आम्हाला पूर्णपणे रास्त वाटतो.

तरीही एक अडचण उरते. जुनी वास्तू आजच्या वापराला गैरसोयीची झाली, तर ती बदलू वा वाढवू नये, दुसरी बांधावी, असे संस्थेचा जाहीरनामा सांगतो. हाच नियम टर्नरांना लावला असता तर सतराव्या शतकातला तो भाग उभाच राहिला नसता. जुन्या कारागिरांची भर त्यांच्या काळाच्या जिवंत शैलीतून येई, आपल्या शतकाकडे तशी शैली नाही, असे मॉरिसचे उत्तर होते. उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यात आपल्या काळावरचा अविश्वास फार आहे. शिवाय कादंबरीतल्या चित्रात बाग आहे, दार आहे. कोठार आणि गोठे चौकटीबाहेर राहिले. ते चित्र पाहून घराला 'वाडा' म्हणण्याचा मोह होतो, त्याचे कारण कदाचित हेच असावे.

मॉरिसला या घराची मालकी कधीच मिळाली नाही. त्याची पत्नी जेन हिने ते १९१३मध्ये विकत घेतले. मुलगी मे तेथे १९३८पर्यंत राहिली. १९६२पासून ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडे आहे. ऑक्टोबर १८९६मध्ये मॉरिसची शवपेटी लेचलेड स्थानकावरून गावात आणली ती शेतावरच्या गाडीतून. केल्मस्कॉटच्या चर्चच्या आवारातला त्याच्या थडग्याचा दगड त्याचा मित्र, वास्तुकार फिलिप वेब याने रचला. त्याला आकार छपराचा आहे: दोन उतार आणि मधे आढे.