सकाळचा पाठ

आमच्या वाड्यावर एक वयस्क शेजारीण आहे. आम्ही सगळे तिला तिया म्हणतो. पूर्वी घंटा झाली की ती मिसाला जायची. गुडघे दुखू लागल्यापासून बाल्कांवावर बसून त्या दिवसाचा शास्त्रपाठ रोमी कोकणीत वाचते. दोन-तीन ओळी वाचायच्या, ओळीवर बोट ठेवायचं आणि डोळे मिटायचे. एकदा मी विचारलं, "तिया, इतलेंच?" ती म्हणाली, "आयज हेंच एक उतर म्हाका पुरो."

श्रवण, मनन, निदिध्यासन आपल्याला ठाऊक असतं. बाराव्या शतकात दुसरा गीगो या ख्रिस्ती मठवासीयाने अशीच एक शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी निःशब्द चिंतन. तियाने त्याचं नाव ऐकलेलं नाही. पण ती करते ते हेच.

तियाच्या लहानपणी मात्र मीस लॅटिनमध्ये होती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट करून दिली आणि १९६९ मध्ये पाठांचा नवा क्रम ठरला. रविवारच्या पाठांचा फेरा तीन वर्षांचा, इतर दिवसांचा दोन वर्षांचा. त्याआधी उपासकाळ सोडला तर साध्या दिवसांना बहुधा स्वतःचा पाठच नसे. आज गोव्यात कोकणीतून आणि वसईत मराठीतून वाचतात तो त्या दिवसाचा पाठ एकच असतो.

मग त्यापूर्वी इथल्या ख्रिस्ती माणसाला पवित्र कथा स्वतःच्या कानाला कळेल अशी कधी मिळालीच नाही का? मिळाली होती, आणि ती मराठीत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते चर्चमध्ये वाचत. त्याच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विनवतो, की दोतोर्न चांगली, पण आमच्या पूर्वीच्या पुराणांच्या जागी काहीतरी द्या.

इथे मी दरवेळी अडतो. याच साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती. पुराण मागणारा तो माणूस म्हणजे पुराण हिरावलं गेलेला माणूस. स्टीफन्सची मराठी मला फार प्रिय आहे. पण ही मागणी कुठून आली ते विसरून मला ती वाचता येत नाही.

पुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढलं, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषा काही मेली नाही, पण मराठी ओवी चर्चमधून हळूहळू गेली. पहिल्या तिन्ही छापांची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुढची आवृत्ती निघाली ती थेट १९०७ मध्ये, मंगळूरला.

मागच्या नाताळात मी माझी प्रत घेऊन तियाकडे गेलो आणि येशूजन्माचा भाग वाचला. ती कान देऊन ऐकत होती. "ही आमची भास?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुमच्या चर्चमधली." तिने पुस्तक मागून घेतलं, सवयीने बोट ठेवलं आणि तशीच थांबली. माझी प्रत देवनागरी. स्टीफन्सने १६०८ साली रोमला पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तकं छापण्याची इच्छा कळवली होती. ते जमलं नाही आणि पुराण रोमी अक्षरांत छापलं. ती प्रत असती तर तियाला वाचता आली असती.

"तूंच वाच परत," ती म्हणाली आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.