परसातले कंद : काढणी आणि साठवण

पावसाळा सरून भाताची कापणी आटोपली की मुळशी तालुक्यातील घरांच्या परसात दुसऱ्या पिकाची पाळी येते. रताळी, सुरण, अळकुड्या, कोनफळ, हळद ही सारी मंडळी जमिनीखाली वाढत असल्याने त्यांच्याकडे तोवर फारसे कुणाचे लक्ष गेलेले नसते. अलीकडे पौड, पिरंगुट, कोळवण परिसरात पुणेकरांची शेतघरे उभी राहिली आणि शनिवार-रविवारच्या हौशी बागायतदारांच्या वाफ्यांतही हे कंद दिसू लागले. पीक जोमदार येते, परंतु काढल्यानंतर महिन्याभरात निम्मे कुजते, असा अनुभव यांतील अनेकांच्या वाट्याला येतो.

थंड देशांत कंदमुळांचे शत्रू म्हणजे गोठवणारी थंडी आणि बर्फ. त्यासाठी तेथे तळघरे बांधतात. मुळशीत बर्फाचा प्रश्न नाही. पौडहून ताम्हिणीकडे जावे तसा पाऊस वाढत जातो आणि दिवाळी उलटली तरी जमिनीत ओल शिल्लक राहते. त्यामुळे आपल्याकडे आधी लढावे लागते ते या ओलीशी आणि पुढे फाल्गुनातल्या उन्हाशी. परदेशी पुस्तकांतील सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, त्या याच कारणाने.

यातील सर्वांत नाजूक प्रकरण रताळ्याचे. जून-जुलैत लावलेले वेल साधारण चार महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार होतात. पाने पिवळी पडू लागली की एक रताळे काढून कापून पाहावे. कापलेला भाग हवेत पांढरट राहून सुकला तर पीक तयार समजावे. तो हिरवट-काळपट पडला तर अजून थांबावे. खणताना कुदळ वेलाच्या बुडापासून दूर चालवावी, कारण कुजण्याची सुरुवात बहुधा कुदळीच्या घावापासूनच होते. जखमी रताळी वेगळी काढून आधी खाऊन संपवावीत. माती हाताने झटकावी. धुण्याचा मोह मात्र टाळावा.

काढलेली रताळी लगेच टोपलीत भरून ठेवणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्यांची साल तेव्हा कोवळी असते. तीस अंशांच्या आसपास तापमान आणि दमट हवा चार ते सात दिवस मिळाली तर ओरखडे भरून येतात आणि साल घट्ट होते. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सावलीतल्या पडवीत हे काम आपोआप होते. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री गारठा पडतो; अशा वेळी रताळी चुलीजवळच्या उबदार कोपऱ्यात बारदानाखाली ठेवावीत. त्यानंतर हवेशीर, अंधाऱ्या जागी भाताच्या पेंढ्यावर एका थरात पसरावीत. काही आठवड्यांत पिठाची साखर होऊन गोडी वाढते, हा साठवणुकीचा लाभच म्हणायचा. रताळी शीतकपाटात ठेवू नयेत. दहा-बारा अंशांखाली त्यांचा गाभा टणक होतो आणि शिजवूनही मऊ पडत नाही. नोव्हेंबरचे रताळे महाशिवरात्रीपर्यंत टिकवायचे तर हे सारे सांभाळावे लागते. (रताळे आणि बटाटा हे दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, तरीही आपल्या उपवासाला चालतात, हा भाग वेगळा!) कडू लागणारे किंवा काळे डाग पडलेले रताळे फेकून द्यावे. कीड-बुरशी लागली की त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात व ती शिजवूनही जात नाहीत.

सुरण त्यामानाने सोशिक. उन्हाळ्याच्या अखेरीस लावलेला गड्डा आठ-नऊ महिन्यांनी, पाने पिवळी पडून झाड कोलमडले की तयार होतो. काढायची घाई नसेल तर तो जमिनीतच राहू द्यावा; सुरण, कोनफळ यांच्यासाठी कोरडी माती हीच उत्तम कोठी. अडचण रानडुक्कर, साळिंदर आणि घुशींची. डोंगरालगतच्या वाड्यांत त्यांच्यामुळेच कंद लवकर काढून घ्यावे लागतात. काढलेला सुरण माती-मुळे साफ करून, सावलीत सुकवून हवेशीर जागी ठेवला तर काही महिने सहज टिकतो. बेण्यासाठी डोळ्यासह फोडी करून त्या शेणकाल्यात बुडवून सुकवतात. अळकुड्याही पाने सुकल्यावर काढून कोरड्या वाळूत ठेवाव्यात, मात्र त्यांचा ढीग करू नये.

करांद्याविषयी इशारा आवश्यक आहे. वेलावर लागणारे हे कंद परसातही होतात, पण रानातला कडू करांदा विषारी असतो. कातकरी समाजातील जाणती माणसे तो उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा काढूनच खातात. ओळख पटल्याखेरीज रानचा कंद ताटात घेऊ नये.

बटाट्याची गोष्ट निराळी. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचे सातगाव पठार त्यासाठी प्रसिद्ध आहे. घरच्या वाफ्यातले बटाटे अंधारात ठेवावेत; उजेडाने ते हिरवे होतात आणि त्यांत सोलानिन हे विष वाढते. कांदे त्यांच्याजवळ ठेवू नयेत. गाजर, बीट आणि मुळा यांचा पाला काढणीनंतर तातडीने कापावा, नाहीतर तो मुळातील पाणी ओढून घेतो. शीतकपाट खरे तर याच तिघांसाठी. ते नसेल तर ओलसर वाळूत गाजरे दोन-तीन आठवडे ताजी राहतात. मुळा साठवण्याच्या भानगडीत पडू नये.

हळद फेब्रुवारीच्या सुमारास काढतात. ती शिजवून, कडक वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. सांगलीजवळच्या हरिपूरला वाळलेली हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची जुनी पद्धत आहे. तेथील विशिष्ट मातीमुळे पेवात ओल शिरत नाही. 2005च्या महापुरात मात्र पाणी पेवांत शिरले आणि हळदीचे मोठे नुकसान झाले. ताम्हिणीच्या पावसात असे पेव खणण्याचा विचारही कुणी करू नये. येथे माळा, बांबूची मांडणी आणि खाली पेंढा हेच बरे. आठवड्यातून एकदा हात फिरवून नरम पडलेला कंद उचलून टाकावा, म्हणजे शेजारचे वाचतात.