व्यक्तिसहाय्य कार्य : सेवार्थीला मदत करण्याची व्यावहारिक तंत्रे

एका व्यक्तीसोबत किंवा एका कुटुंबासोबत काम करण्याच्या समाजकार्याच्या पद्धतीला व्यक्तिसहाय्य कार्य म्हणतात. मदतीसाठी येणाऱ्या व्यक्तीला सेवार्थी म्हटले जाते. अमेरिकेतील मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून या कामाला शास्त्रीय बैठक दिली. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय.

धान्य, कपडे वाटणे म्हणजेच समाजकार्य अशी समजूत अजूनही आहे. वाटपाने आजची गरज भागते. व्यक्तिसहाय्य कार्याचे ध्येय मात्र सेवार्थीने आपला प्रश्न पुढे स्वतः हाताळावा हे असते. त्यासाठी पुढील तंत्रे उपयोगी पडतात.

१. आधी ऐकणे

समजा, एक विधवा महिला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला आली. अर्ज भरून दिला की काम संपले असे वाटते. पण ‘घरी सध्या कसं चाललंय?’ एवढे विचारले, तर रेशनकार्ड दिराने अडवून ठेवले आहे, घर सोडण्यासाठी दबाव आहे, हे समोर येऊ शकते. म्हणून ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारे प्रश्न सुरुवातीला टाळावेत. ‘तुम्ही असं का केलं?’ या प्रश्नात आरोप वाटतो. ‘तेव्हा काय झालं?’ असे विचारावे. शेवटी ऐकलेले थोडक्यात परत सांगून ‘मला बरोबर समजलं ना?’ अशी खात्री करून घ्यावी.

२. गृहभेट

घरी जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. दारात उभे राहून चौकशी करू नये, फोटो काढू नयेत. शेजाऱ्यांनी विचारले तर प्रकरण सांगू नये. घरात मारहाण होत असेल तर तेथे भेट घेतल्याने महिलेचा धोका वाढू शकतो. अशा वेळी तिला सोयीच्या, सुरक्षित ठिकाणी भेटावे.

३. प्रश्नाचे तुकडे करणे

कर्ज, आजारपण, मुलांची शाळा असे सगळे एकदम अंगावर आले की माणूस खचतो. सर्व अडचणी कागदावर लिहाव्यात. आधी काय हाती घ्यायचे हे सेवार्थीला ठरवू द्यावे. मग सेवार्थी काय करणार, कार्यकर्ता काय करणार आणि कधीपर्यंत, असे तीन रकाने करावेत. पहिले काम आठवड्याभरात होण्याजोगे असावे. एक काम झाले की पुढच्याला धीर येतो.

४. हक्कांची आणि यंत्रणेची माहिती

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा. कौटुंबिक हिंसाचारात २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी मदत करतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या, हे अनेक कुटुंबांना आजही समजावून सांगावे लागते.

५. सोबत जाणे, पण बोलू देणे

तहसील कार्यालयात किंवा पोलीस ठाण्यात पहिल्यांदा सोबत जावे. काय बोलायचे याची आदल्या दिवशी तयारी करून घ्यावी. खिडकीपाशी मात्र सेवार्थीलाच पुढे करावे. अर्जाची पोच मागायलाही तिलाच सांगावे. पुढच्या वेळी आपण बाहेर थांबावे. दर वेळी कार्यकर्ताच बोलला, तर काम होते. पण सेवार्थी मध्यस्थावरच अवलंबून राहते. आज समाजकार्यकर्ता, उद्या एखादा दलाल.

६. गोपनीयता आणि तिची मर्यादा

‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे सरसकट वचन देऊ नये. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत सोप्या शब्दांत सांगावी. नोंदवहीत सेवार्थीने सांगितलेले आणि आपले मत वेगवेगळे लिहावे.

७. सेवार्थीचा निर्णय मानणे

फेलिक्स बिस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सात तत्त्वांपैकी स्वयंनिर्णय हे एक आहे. प्रत्यक्षात पाळायला ते अवघड जाते. मारहाण सोसलेली महिला अनेकदा पुन्हा सासरी जायचे ठरवते. त्यावर ‘मग आमच्याकडे आलातच कशाला?’ असे ऐकवले, तर पुढच्या मारहाणीनंतर ती येणार नाही. त्याऐवजी महत्त्वाची कागदपत्रे कोणाकडे ठेवायची, रात्री गरज पडली तर कोणाला फोन करायचा, मुलांना घेऊन कुठे जायचे, हे तिच्याशी बोलून ठरवावे. आणि पुन्हा यायला संकोच करू नका, हे तिला स्पष्ट सांगावे.