मालगुजाराचे व्यंगचित्र

1831 साली पॅरिसमध्ये ओनोरे दोमिए या तरुण चित्रकाराने फ्रान्सचा राजा लुई फिलिप याचे एक शिळाछाप व्यंगचित्र काढले. अवाढव्य पोटाचा राजा खुर्चीत बसला आहे. त्याच्या उघड्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी टेकवलेली आहे. फाटक्या कपड्यांतल्या गरिबांकडून गोळा झालेला पैसा टोपल्यांतून त्या फळीवरून वर चढतो आहे आणि खुर्चीखाली मर्जीतली माणसे पडणाऱ्या सनदा नि नेमणुका वेचत आहेत. या चित्रापायी दोमिएला तुरुंगात जावे लागले. लोक हसले ते राजाच्या पोटाला, पण चित्राचा खरा जोर मला त्या फळीत दिसतो. कोणाच्या घरातून काय निघते आणि कोणत्या वाटेने कोणाच्या पदरात पडते, हे तिच्यामुळे एका दृष्टिक्षेपात कळते. फळी काढून टाकली, तर उरतो एक लठ्ठ माणूस. आपल्याकडे राजेशाहीची जी थट्टा रूढ झाली तिच्यात बहुधा हा लठ्ठ माणूसच उरला. त्यामुळे भंडारा जिल्ह्यासारख्या मुलखात लोकांनी खरोखर सोसलेला विशेषाधिकार थट्टेच्या टप्प्यात आलाच नाही.

राजेरजवाडे हा विषय मराठी वृत्तपत्रांना परका नव्हता. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना मिळणाऱ्या वागणुकीवरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली. त्याबद्दल 1882 साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. पुढे संस्थानिकांना टीकेपासून जपणारे कायदेही झाले. स्वातंत्र्यानंतर तनखे, तोफांच्या सलाम्या आणि मोटारींच्या लाल पाट्या यांवरून वाद पेटला. तनखे रद्द करणारे विधेयक 1970 साली राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडले आणि 1971च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे अखेर गेले. व्यंगचित्रात शिरपेच, मोत्यांच्या माळा आणि सुटलेले पोट एवढ्यावर राजा ओळखू येत असे. पण सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या अधिपतीला तनखा होता वर्षाला 192 रुपये! पदवी आणि पोशाख पाहून विशेषाधिकार मोजला, की अशी गफलत होते.

भंडारा जिल्ह्यात एकही संस्थान नव्हते. नांदगाव, खैरागड ही संस्थाने पूर्वेला. इथला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. 1853च्या डिसेंबरात तिसरे रघूजी वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. भोसल्यांच्या अमलात पाटील गावचा वसूल गोळा करून भरत असे, जमिनीचा मालक म्हणून नव्हे. 1860च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी अशांनाच मालकी हक्क देऊन टाकले आणि मालगुजार जन्माला आला. कुळांकडून आलेल्या खंडातला मोठा वाटा त्याचा, घरची सीर जमीन त्याची, गावची पडीक जमीन त्याची. घर बांधायला जागा हवी तर परवानगी त्याची. त्याच्या शेतावर कुळांनी काही दिवस फुकट राबायचे, ही वेठीची चालही होती. जमाबंदीच्या कागदांत ‘सिवाय’ उत्पन्नाची नोंद होत असे, तीही पाहण्यासारखी आहे. तलावातली मासळी, शिंगाडा, गवत, लाख अशा खंडाबाहेरच्या मिळकती तिच्यात येत. कंबरभर पाण्यात उतरून शिंगाडा काढणारा ढिवर त्या नोंदीच्या एका टोकाला, मालगुजार दुसऱ्या टोकाला आणि मधे सरकारी आकारणी. दोमिएची फळी इथे कागदात आडवी पडली होती. मालगुजार मात्र दिसायला धोतर-पागोट्यातला गावचाच माणूस, पुष्कळदा कुळांच्याच जातीचा. त्याला चितारायला शिरपेच नव्हता.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, आजही मनापासून घेतला जातो. मालगुजार नसता तर तलाव झाले असते का? पूर्व विदर्भातले हजारो माजी मालगुजारी तलाव हा या मुलखाचा प्राण आहे. पाळ धरली, पाणी सोडायचे तुडूम उघडले, की ते बांधीबांधीतून उतरत जाते आणि पावसाने दगा दिला तरी धान तगते. 1951 साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखभाल ढासळली, तलाव गाळाने भरले, हेही खरे. या दुःखाला मी कमी लेखत नाही. पण यातले बरेच तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याने आणि श्रमाने गोंडांच्या, भोसल्यांच्या काळात उभे राहिले होते, मालकीचा कागद त्यांच्या मागून आला. ज्या मालगुजारांनी नवे तलाव बांधले, त्यांनाही माती वाहणारे हात गावानेच पुरवले. तलाव ढासळले, कारण पाणीवाटपाची आणि पाळीच्या दुरुस्तीची गावातली घडी मोडली आणि सरकारने तिच्या जागी दुसरी बसवली नाही. ती घडी चालायला एका घराची मालकी लागतेच, हे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप असा, की खेड्यात वृत्तपत्र पोचतच नव्हते, मग व्यंगचित्राला कशाला बोल लावायचा? पण थट्टेला छापखाना लागत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये रंगत, तिथे बड्यांची नक्कल करायला वाव होता. मात्र ज्याच्या परवानगीवर घराची जागा अवलंबून, त्याला चारचौघांत नाव घेऊन चिमटा काढणे किती अवघड असेल! दूरच्या राजाला हसणे त्या मानाने सोपे. म्हणूनच शहरातल्या छापील व्यंगचित्राची जबाबदारी मोठी होती, कारण त्याला ती भीती नव्हती.

तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपवली, तनखे जाण्याच्या वीस वर्षे आधी. भंडाऱ्याच्या कुळांसाठी हा बदल तनख्यांपेक्षा कितीतरी मोठा होता. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, मासळीचे ठेके निघतात, बुडीत जमिनीवर अतिक्रमणे होतात. त्यावर चित्र काढायचे असेल, तर चित्रकाराने आधी जुने वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रक हे गावच्या वहिवाटींचे कागद आणि चालू ठेक्याचा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. शिंगाड्याचा पैसा तेव्हा कुठे जात होता आणि आता कुठे जातो, हे त्यातून हाती लागेल.