चांगले चित्र कोणते?

संगणकावर गूगल अर्थ आणि इस्रोचे ‘भुवन’ शेजारी शेजारी उघडून एकच गाव पाहिले, की विद्यार्थी हमखास विचारतात, ‘यातले चांगले चित्र कोणते?’ उत्तर देण्याआधी आपण थोडे मागे जाऊ.

१९७२ साली अमेरिकेने सोडलेल्या लँडसॅट-१ च्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे ८० मीटर बाजूचा चौकोन. शाळेचे लहान मैदान एकाच ठिपक्यात बुडून जाई. १९८८ च्या आपल्या आयआरएस-१ए ने ही बाजू सुमारे ३६ मीटरवर आणली, १९९५ च्या आयआरएस-१सी ने ५.८ मीटरवर. नागरी उपग्रहांत तेव्हा ही आघाडीची विभेदनक्षमता होती. १९९९ मध्ये इकोनॉसने १ मीटर गाठले आणि रस्त्यावरची मोटारही दिसू लागली.

२००५ मध्ये गूगल अर्थ व २००९ मध्ये भुवन आले. अशा नकाशांत निरनिराळ्या वेळी घेतलेली चित्रे गोधडीसारखी जोडलेली असतात. शेजारच्या दोन तुकड्यांत काही वर्षांचेही अंतर असू शकते.

म्हणून ठळकपणा हा एकच निकष पुरत नाही. अरल समुद्र कसा आटत गेला, हे डोळ्यांना दिसले ते लँडसॅटच्या भरड चित्रांत. कारण ही उपग्रहमालिका तीच जागा १९७२ पासून पुन्हा पुन्हा टिपत आली आहे. मोटारी मोजायच्या तर १ मीटर हवा. समुद्र मोजायचा तर ८० मीटरही चालतात, पण तारीख हवी.

तेव्हा वर्गात तुलना करण्याआधी फळ्यावर दोन प्रश्न लिहू या: काय पाहायचे आहे? आणि चित्र कधीचे आहे?