बायबलमधील विवाह, घटस्फोट आणि पश्चात्ताप

विवाह, घटस्फोट आणि पापापासून मागे फिरणे यांविषयी बायबलमध्ये एकसंध संहिता आढळत नाही. निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या श्रोत्यांसाठी लिहिलेली वचने त्यात आहेत व त्यांच्या अर्थनिर्णयातून ख्रिस्ती पंथांचे विवाहविषयक नियम घडले आहेत. महाराष्ट्रात हा विषय एकोणिसाव्या शतकात धर्मांतरितांच्या कुटुंबांपुढे तीव्रतेने उभा राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचे सहजीवन हे त्याचे मराठी वाचकांना सर्वाधिक परिचित असलेले उदाहरण होय.

जुना करार

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायानुसार पुरुष आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहतो आणि ती दोघे एकदेह होतात. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सूटपत्राचा उल्लेख येतो. हा नियम घटस्फोटाची आज्ञा देतो असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. नियमात घटस्फोटाची रूढी गृहीत धरलेली असून, सूटपत्र मिळालेल्या स्त्रीने दुसरा विवाह केल्यास पहिल्या पतीने तिला पुन्हा पत्नी करू नये, एवढेच बंधन घातलेले आहे. सूटपत्र लेखी असल्यामुळे त्या स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक मिळे. मलाखी संदेष्ट्याने मात्र तारुण्यातील पत्नीचा त्याग हा विश्वासघात ठरविला आहे.

येशूची शिकवण

येशूच्या काळी यहुदी शास्त्र्यांत याविषयी दोन मते होती. शम्मायच्या अनुयायांच्या मते पत्नीचा गंभीर अनाचार हेच घटस्फोटाचे कारण होऊ शके, तर हिल्लेलचे अनुयायी क्षुल्लक कारणही पुरेसे मानीत. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात परूशी हाच वाद येशूपुढे मांडतात. येशू उत्पत्तीतील वचनाकडे वळतो आणि मोशेने दिलेली परवानगी माणसांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे होती, असे सांगतो.

येथे शुभवर्तमानांत फरक आहे. मत्तयात जारकर्माचा अपवाद दिलेला आहे. मार्क व लूक यांत तो नाही. पत्नीने पतीस सोडण्याची शक्यता मार्कच विचारात घेतो. पंथांमधील मतभेदाचे मूळ बरेचसे या फरकात आहे. कॅथलिक चर्च विधिवत झालेला व पूर्णत्वास गेलेला ख्रिस्ती विवाह अभंग मानते. विवाह मुळातच अवैध होता असे ठरविण्याची तरतूद त्यात आहे, पण ती घटस्फोटाहून वेगळी आहे. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ व्यभिचार व परित्याग ही कारणे मान्य करतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत दुसऱ्या विवाहास परवानगी मिळू शकते. त्याच्या विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात.

पश्चात्ताप

मराठीत ‘पश्चात्ताप’ म्हणजे केलेल्या कृत्याची खंत. बायबलमधील संकल्पना याहून व्यापक आहे. हिब्रू ‘शूव’ म्हणजे मागे फिरणे, तर ग्रीक ‘मेतानोइया’ म्हणजे मनाचा पालट. होशेयाच्या ग्रंथात परागंदा पत्नीला पुन्हा घरी आणणारा पती हे देवाच्या क्षमेचे प्रतीक आहे. योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीस येशू दोषी ठरवीत नाही, मात्र यापुढे पाप न करण्यास सांगतो. हा प्रसंग सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, तरी चर्चच्या परंपरेत त्याला मानाचे स्थान आहे.

धर्मांतरितांचा प्रश्न आणि टिळक दांपत्य

पती-पत्नींपैकी एकानेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर काय करावे, याचे उत्तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात दिले आहे. विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्याला सोडू नये. तो स्वतः निघून गेला तर विश्वासणारा बांधलेला नाही. भारतात या विचारास १८६६ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले. धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केल्यास धर्मांतरितास न्यायालयात जाता येई. जोडीदारास विचारासाठी एक वर्ष दिले जाई आणि त्यानंतरही नकार कायम राहिल्यास विवाह विसर्जित होई.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई कर्मठ ब्राह्मण घरातील होत्या. त्या पतीपासून दुरावल्या आणि पंढरपुरास आप्तांकडे राहिल्या. टिळकांनी विवाहविच्छेदाचा मार्ग धरला नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे परतल्या, पण आरंभी त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. या काळातील दोघांची घालमेल त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात येते. पतीवरील राग आणि ओढ या दोन्हींविषयी त्या सारख्याच मोकळेपणाने लिहितात. केवळ धर्मांतराची कहाणी म्हणून ते वाचणे अपुरे ठरते. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ मध्ये नाशिक येथे झाले.

कायदा

भारतातील ख्रिस्ती विवाहांना १८७२ चा, तर घटस्फोटांना १८६९ चा कायदा लागू आहे. मूळ घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होई, पण पत्नीला केवळ पतीचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्यासोबत क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे कारणही दाखवावे लागे. या विषमतेला बायबलमध्ये आधार नाही. ती तत्कालीन इंग्लिश कायद्यातून आली होती. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही जोड-अट घटनाबाह्य ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने पती-पत्नींना समान कारणे दिली आणि परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोयही केली. न्यायालयाचा असा हुकूम मिळाला तरी कॅथलिक व्यक्तीस चर्चमध्ये पुनर्विवाह करण्यासाठी धर्मन्यायालयाचा स्वतंत्र निर्णय आवश्यक असतो.